बँजो इतका पळतो, तरी गाण्याला धाप का लागत नाही?

प्रश्न:
महिनाभर प्रोग्रेसिव्ह ब्लूग्रास (बँजो-मेंडोलिनवाल्या अमेरिकी लोकसंगीताचा नवा अवतार) ऐकतोय. मी तबला शिकलेला, त्यामुळे आधी ठेका शोधतो. इथे ड्रम्सच नाहीत! तरी पाय थांबत नाही. नेमकं काय चाललंय?

प्रतिसाद:
ड्रमचं काम मेंडोलिन करतं. डबल बास मात्रेवर, आणि मेंडोलिनचा 'चॉप', म्हणजे तार छेडून लगेच दाबलेला कोरडा आघात, दोन मात्रांच्या मधोमध. पण खरी गंमत बँजोत आहे. तीन बोटांचा 'रोल', म्हणजे एकेक तार आलटून पालटून छेडण्याचा साचा, आठ स्वरांचा. आठाला तिनाने भाग जात नाही, म्हणून बऱ्याचदा ३+३+२ असे गट पडतात. वजन मात्रेवरून घसरतं आणि शेवटच्या दोनात सावरतं. तबल्यावर वाजवून बघाच. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज १९४५ मध्ये ब्लूग्रासचा जनक बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि ही शैली गाजली.

प्रश्नकर्ता:
मग 'प्रोग्रेसिव्ह' काय त्यात?

प्रतिसाद:
मुख्यतः कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि लांबलेली उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेलं वादन. जी मेजरमध्ये मधेच एफ मेजर येतो (जुन्या गाण्यांतही येतो म्हणा, पण इथे मुरतो). जीला सा धरलं तर एफ म्हणजे कोमल निषाद, अगदी खमाज रागाची आठवण. त्यावर बँजोची आखूड पाचवी तार सतारीच्या चिकारीसारखी 'जी' स्वर धरूनच बसते, म्हणून आनंद गुळमट होत नाही. केंटकीत १९७१ मध्ये सुरू झालेल्या न्यू ग्रास रिव्हायव्हल या बँडने यात रॉकही मिसळला.

प्रश्नकर्ता:
३+३+२ वाजवलं. सावकाश जमतंय, लय वाढवली की शेवटचे दोन गिळतोय.