अनुभव धागा: प्रभो, मला नको, दुसऱ्या कुणाला पाठव

चरई, ठाणे
गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मुलांच्या संडेस्कूलचा मोठा वर्ग शिकवशील का विचारलं आणि मी पटकन म्हटलं, "मला नाही जमणार, साहेब." घरी येऊन बायबलमधल्या निर्गमचा 3 रा आणि 4 था अध्याय उघडला. देव मोशेला सांगतो, मिसरच्या राजाकडे, फारोकडे जा आणि माझ्या लोकांना गुलामीतून बाहेर काढ. मोशे किती सबबी सांगतो! मी कोण, लोक विश्वास ठेवणार नाहीत, मी जिभेचा जड. सगळ्या संपल्यावर, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. मी थांबले ती पुढच्या ओळींवर. देवाने त्याची जीभ मोकळी केली असं तिथे कुठेच नाही. त्याला सोबत दिली त्याच्या भावाची, अहरोनाची, त्याच्या वतीने बोलायला. फारोपुढे उभे राहिले तेव्हा मोशे 80 वर्षांचा आणि अहरोन 83 वर्षांचा.
म्हणून विचारते, बोलावणं आलं आणि आपली लायकी नाही असं वाटलं, तेव्हा तुमचा अहरोन कोण होता? सविस्तर लिहा.

कळवा
मी लहानपणापासून तोतरा बोलतो. तिकीट खिडकीवर रोज बोलायला नको म्हणून पास काढायचो, महिन्यातून एकदाच तोंड उघडावं लागायचं.
आमच्याकडे गुड फ्रायडेला येशूचे क्रुसावरचे सात उद्गार सात जणांना वाचायला वाटून देतात. एका वर्षी पाचवा माझ्याकडे आला: 'मला तहान लागली आहे.' 'त'वर मी हमखास अडकतो. बदलून द्या म्हटलं तर पाळकसाहेब म्हणाले, "आठवडाभर प्रार्थना कर, मग बघू." ते बघणं राहूनच गेलं. मी सगळं लिहून काढलं, श्वास घ्यायच्या जागी तांबड्या पेनाने रेघा मारल्या.
उभा राहिलो. 'मला' झालं. 'त' आला आणि घसा बंद. चर्चमध्ये फक्त पंख्यांचा आवाज. पुढच्या बाकावर एक आजी होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच ओठ हलवायला लागल्या. तो उद्गार त्यांना पाठच होता. मी त्यांच्या ओठांबरोबर म्हटलं आणि शब्द सुटला. आमच्यासारख्यांना हे ठाऊक असतं, कुणाच्या सोबतीने म्हटलं की जीभ अडत नाही.
पुढेही बऱ्याचदा अडकलो. आजही अडकतो. पण त्यानंतर शास्त्रपाठाला कधी नाही म्हटलेलं नाही.

वाशी
मी नर्स आहे. फादरांनी विचारलं, आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, नेशील का? माझ्यासारखीने पवित्र साक्रामेंत हातात घ्यायचं? सुई धरताना न थरथरणारे माझे हात पहिल्या दिवशी थरथरले. ज्या काकांकडे गेले होते, त्यांनीच माझं मनगट धरलं.

नेरूळ
माझं शिक्षण सातवी. महिला मंडळात बायबल अभ्यास घ्या म्हणाल्या तेव्हा पोटात गोळा आला. बाकीच्या कुणी बँकेत, कुणी शिक्षिका. सासूबाईंनी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण दिली. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं, शाळेचं शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. मी काव्य लिहिणारी नाही, पण उतारा मोठ्याने वाचते आणि मला जे समजलं नाही तेच सगळ्यांना विचारते. मग बायका बोलायला लागतात. सासूबाई मागे बसून असतात, त्यांच्याकडे बघितलं की धीर येतो.

ऐरोली
माझा अनुभव वेगळा आहे, तरी लिहितो. मी नाही म्हटलं होतं. प्रभूने माझी दारू सोडवली त्याला तेव्हा 2 वर्षं झाली होती. जवळच्या चाळीतल्या एका आईने विनवलं, "माझ्या मुलाशी एकदा बोला हो." मी म्हटलं, माझेच पाय अजून डळमळतायत, मी काय सांगू त्याला? पंधरा दिवसांनी मन खाऊ लागलं म्हणून गेलो, तर खोलीला कुलूप. गावी गेले म्हणे. नंबरही घेतला नव्हता. बायबलमधला योना संदेष्टा निनवे शहरात जायचं टाळून पळाला, पण देवाने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा निनवे तिथेच होतं. माझ्यासाठी ते दार पुन्हा उघडलं नाही. आता कुणी बोलावलं की आधी चपला घालतो, काय बोलायचं ते रिक्षात ठरवतो.

चरई, ठाणे
ऐरोलीचे दादा, त्या मुलासाठी आज रात्री आमच्या कौटुंबिक प्रार्थनेत विनंती करणार आहोत. त्याच्या आईसाठीही.
आणि पाळकसाहेबांना आत्ताच फोन केला. वर्गात 14 मुलं आहेत. तरुण संघातली एक मुलगी पेटी छान वाजवते, तिला सोबत द्या म्हणून सांगितलंय.