टेबल सॉवर पट्टी सरळ निघत नाहीये, मदत हवी आहे (जरा लवकर)

अर्धवट_सुतार
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. ड्रॉवरच्या चौकटीसाठी ६० मिमीच्या पट्ट्या काढतोय आणि एकही पट्टी दोन्ही टोकांना सारखी येत नाही, इकडे ६० तर तिकडे ५७, वर कडेला काळे जळके डाग. फेन्स (ब्लेडशेजारची, फळी जिला टेकवून सरकवतो ती पट्टी) गुण्या लावून तीनदा तपासली. यूट्यूबवाले सगळे ट्रनियनचे (टेबलाखाली ब्लेड धरणाऱ्या भागाचे) बोल्ट ढिले करा म्हणतात, माझ्याकडे ते बोल्टच सापडत नाहीत. रविवारी बहिणीकडे ड्रॉवर पोचवायचाय. कुठला स्क्रू फिरवू तेवढं सांगा.

खिळेमोळे
कुठला सॉ? ब्लेड किती इंची, किती दातांचं? लाकूड कुठलं, पट्टी किती लांब? काय दुखतंय ते न सांगता गोळी मागताय.

जर्सीकर
ट्रनियनचे बोल्ट टेबलाखालीच असतात, आरसा धरून बघा. मायटर स्लॉटमध्ये (टेबलावरच्या ब्लेडला समांतर खाचेत) डायल गेज सरकवून ब्लेड पुढे-मागे मोजा, ०.१ मिमीच्या आत यायला पाहिजे. मी सॉस्टॉप कंपनीचा टेबल सॉ घेतल्यापासून हा त्रास संपला. शिवाय बोट लागलं की पातं ५ मिलिसेकंदांत थांबतं.

खिळेमोळे
जर्सीकर, तुमच्या सॉच्या किमतीत इकडे सेकंडहँड कार येते. त्यांना आधी बोलू द्या.

अर्धवट_सुतार
मॉडेल वगैरे काही नाही हो, घरीच बनवलाय. ७ इंची सर्क्युलर सॉ उलटा करून १८ मिमी प्लायला खालून स्क्रूने बसवलाय, फेन्स म्हणजे ॲल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन, पुढच्या बाजूला सी-क्लॅम्प. मायटर स्लॉट नाही. लाकूड सागवान, वाड्याच्या जुन्या खिडकीच्या फळ्या, साधारण ६०० मिमी. ब्लेड सॉबरोबर आलेलंच, २४ दाती.

खिळेमोळे
हे पहिल्या ओळीत सांगायचं ना! जर्सीकरांनी आरसा धरायला लावला नसता. आणि क्लॅम्प फक्त पुढे? मग मागचं टोक मोकळंच आहे, फळी दाबली की ते बाहेर सरकतं. मागेही क्लॅम्प मारा, विषय संपला.

बुधवार_पेठी
विषय संपला नाही. फेन्स ब्लेडला समांतर नाही म्हणून पट्टी निमुळती येतेय, साधी भूमिती आहे.

रंधा_आणि_मी
ती भूमिती इथे लागू नाही. फेन्स तिरकी असली तरी ती हलत नसेल आणि फळी तिला पूर्ण चिकटून चालली असेल तर रुंदी तीच राहते, कारण फेन्सपासून सगळ्यात जवळचा दात दर वेळी तेवढ्याच अंतरावर कापतो. तिरकी फेन्स लाकूड जाळते, मागून आवळत असेल तर फळी अंगावर फेकते. निमुळती पट्टी आली तर कापताना काहीतरी हललंय, किंवा फेन्सला लावलेली कडाच सरळ नाही. म्हणजे रोग दोन आहेत, डाग वेगळे आणि तीन मिमी वेगळे. जुन्या खिडकीच्या फळीची कडा सरळ असेल असं मला तरी वाटत नाही. आधी एमडीएफचा तुकडा घ्या, फॅक्टरी कड फेन्सकडे ठेवून कापा आणि मोजून सांगा.

बुधवार_पेठी
कागदावर काढून बघितलं. बरोबर आहे. पण माझ्याकडे एकदा झालं होतं तसं.

चिकूची_बाग
मधेच विचारते, ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून असंच उलटं बसवलं तर चालेल का? आमच्याकडचा सुतार तेच वापरतो.

खिळेमोळे
नको. मार्बल कटर बारा-तेरा हजार आरपीएमने फिरतो, ७ इंची सॉ पाच हजारांच्या आसपास. ब्लेडवर कमाल आरपीएम छापलेला असतो तो वाचा. आणि सुतारांची बोटं एकदा मोजून बघा.

तिसरा_मजला
फ्लॅटमध्ये हे चालू असेल तर तुमच्या खाली राहणाऱ्या माणसावर दया करा. दुपारी दोन ते चार तरी बंद ठेवा.

अर्धवट_सुतार
गच्चीत करतो काका, सोसायटीला विचारून.
एमडीएफ कापून बघितला. ६० आणि ५९.५. म्हणजे अडीच मिमी फळीचंच होतं, तीन दिवस फेन्सला शिव्या घातल्या! मागे क्लॅम्प लावल्यावर दोन्हीकडे ६०. पण डाग तसेच.

रंधा_आणि_मी
आता डाग. प्लग काढा. बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. ब्लेडच्या एका दातावर स्केचपेनने खूण करा, तो दात पुढे आणून फेन्सपर्यंत मोजा, मग तोच दात फिरवून मागे आणा आणि परत मोजा. दात तोच हवा, नाहीतर ब्लेडचा स्वतःचा वाकडेपणा मोजाल.

अर्धवट_सुतार
पुढे ६०.२, मागे ५९.१.

रंधा_आणि_मी
मग डाग येणारच, मागे एक मिमी आवळतंय. फेन्सचं मागचं टोक बाहेर घ्या, मागचं माप पुढच्यापेक्षा ०.१ जास्त आलं तरी चालेल, जास्त नको. गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायचं फिलर गेज मिळतं, व्हर्नियर नसेल तर ते बरं.
रायव्हिंग नाइफ आहे का?

अर्धवट_सुतार
ते काय असतं? ब्लेडच्या मागची पाती का? उलटा बसवताना मधे येत होती म्हणून काढली.

वखारवाले_काका
अरे बाळा, तीच आधी परत लाव. जुनं सागवान चिरलं की आतला ताण सुटतो, काप मागून मिटतो आणि ब्लेडला पकडतो, मग फळी बंदुकीसारखी सुटते. वखारीत फळी मिटायला लागली की मागून पाचर ठोकतात ते उगाच नाही. सरळ कडेसाठी रंधा मारत बसू नको, प्लायच्या सरळ पट्टीवर फळी दोन स्क्रूंनी पक्की कर, प्लायची कड फेन्सला लावून एक बाजू उतरवून घे, मग ती बाजू फेन्सला लाव. स्क्रू ब्लेडच्या वाटेत येऊ देऊ नको. आणि शेवटचे चार इंच पुश स्टिकने ढकल.

जर्सीकर
सॉस्टॉपला रायव्हिंग नाइफ बरोबरच येते.

अर्धवट_सुतार
पाती परत बसवली, त्यासाठी प्लायमधली खाच मागे वाढवावी लागली. सागाच्या चार पट्ट्या निघाल्या, सगळ्या दोन्हीकडे ६०, डाग एकीवरच आणि तिथे गाठ होती. आता कड उभी काटकोनात येत नाहीये असं वाटतंय, गुण्या लावला की खालून उजेड दिसतो.

खिळेमोळे
पट्टी आडवी कापा, एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवा. फट दिसली तर चूक तिच्या निम्मी. पण आधी सांगा, प्लायचं टेबल मधे खचलंय का? गच्चीत ठेवता म्हणालात, पावसात पण तिथेच होतं?

अर्धवट_सुतार
ताडपत्री होती वर.

खिळेमोळे
बहिणीला पुढचा रविवार सांगा.