औषध उपलब्धतेचा टक्का आणि खिडकीसमोरची रांग

औषधनिर्माण अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र

परवा एका सदस्यांनी लिहिले की, ई-औषधी या सरकारी औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीमुळे प्रत्येक केंद्रातला साठा जिल्ह्याला बसल्या जागी दिसतो, यादीतल्या औषधांपैकी किती शिल्लक आहेत याचा टक्का निघतो, आणि म्हणून गरजेची औषधे सरकारी केंद्रांत मिळावीत यासाठीच्या अत्यावश्यक औषध धोरणाच्या मूल्यमापनासाठी वेगळ्या पाहण्यांची गरज उरलेली नाही. अठरा वर्षे औषधांच्या खिडकीमागे काढलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवले नाही.

मागच्या पावसाळ्यात मेटफॉर्मिनच्या साडेचारशे गोळ्या उरल्या होत्या आणि तपासणीच्या दिवशी मधुमेहाचे चाळीस रुग्ण रांगेत होते. प्रत्येकाला महिन्याच्या साठ गोळ्या द्यायच्या, त्या जागी मी दहा-दहा दिल्या. एक बाई दोन तास चालून वरच्या वाडीतून आल्या होत्या. पुडी ओच्याला बांधत त्यांनी विचारले, "पाच दिसांनी पुन्हा यायचं का दादा? लावणीचा खाडा करून?" संध्याकाळी कपाटात पन्नास गोळ्या शिल्लक होत्या, म्हणून प्रणालीत मेटफॉर्मिन 'उपलब्ध' होते. रांगेतल्या एकाही माणसाला महिन्याचे औषध मिळाले नाही, हे त्या टक्क्यात कुठे दिसते?

जिल्हा औषध भांडारातून

तो लेख माझाच होता. कागदी मासिक अहवालांचे दिवस आपण विसरलात असे दिसते. एका तालुक्यात अमॉक्सिसिलिनची खोकी मुदत संपून पडली होती आणि शेजारच्या तालुक्यात तेच औषध बाहेरून लिहून दिले जात होते. हे आम्हाला कळायला दोन महिने लागले. आज ते दोन मिनिटांत कळते आणि माल हलवता येतो. आपला अनुभव खरा असेल, परंतु एका केंद्रातल्या एका दिवसावरून राज्याचे धोरण मोजता येत नाही. शिवाय दहा-दहा गोळ्यांची वाटणी आपण केली, प्रणालीने नव्हे. मागणीपत्र वेळेवर पाठवले होते का, तेही सांगा.

वैद्यकीय अधिकारी, आदिवासी तालुका

मागणीपत्राचा मुद्दा काढलाच आहे, तर खरे दुखणे बोलू. आपल्या राज्याची औषध खरेदी 2017 साली हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली गेली आणि 2023 साली स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदी कोणी करायची हेच सहा वर्षांत दोनदा बदलले, तर आरोग्य केंद्राने मागणीचे गणित कशावर बसवायचे? घोणस चावलेला मुलगा माझ्यासमोर आला तेव्हा प्रतिविषाच्या दोनच कुप्या होत्या, आणि सुरुवातीलाच आठ-दहा लागतात. वडिलांनी उसने पैसे काढून तालुक्याहून कुप्या आणल्या. मूल वाचले, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. केंद्राला स्थानिक खरेदीचे पुरेसे अधिकार आणि पैसे द्या. मूल्यमापनाचा वाद नंतर घालता येईल.

निवृत्त भांडारपाल

डॉक्टरसाहेब, स्थानिक खरेदीचा काळ मी भोगलेला आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या होत्या. कितीही हलवल्या तरी तळाचा गाळ वर येत नव्हता. नमुन्याचा अहवाल हाती पडेपर्यंत सगळ्या बाटल्या वाटून झाल्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी मी माझ्या हाताने लहान मुलांच्या आयांना दिल्या होत्या. तामिळनाडूने 1994 साली औषध खरेदीचे महामंडळ काढले, ते याच कारणासाठी मला पटते. तेथे माल गोदामात आला की नमुने प्रयोगशाळेत जातात, अहवाल येईपर्यंत एक गोळीही बाहेर पडत नाही, आणि आपल्या वाट्याच्या रकमेतून किती औषध उचलले हे प्रत्येक संस्थेच्या पासबुकात राहते. पैसे आरोग्य केंद्राच्या नावावर, खरेदी मात्र एकाच ठिकाणी.

वैद्यकीय अधिकारी, आदिवासी तालुका

म्हणजे अहवाल येईपर्यंत विषाने थांबायचे काय? आपण गोदामात बसून बोलत आहात, मी खाटेशेजारी उभा होतो. नेहमीची औषधे एकाच ठिकाणी खरेदी व्हावीत, एवढे मी मान्य करतो. पण जीव वाचवणाऱ्या पाच-सहा औषधांसाठी मला कोणाच्या परवानगीची वाट पाहायला लावू नका. आणि भांडारातल्या साहेबांनी एक सांगावे: त्या टक्क्यात कॅल्शियमची गोळी आणि प्रतिविष यांचे वजन सारखेच कसे? माझ्या दोन कुप्याही त्या दिवशी 'उपलब्ध' म्हणूनच मोजल्या गेल्या होत्या.

औषधनिर्माण अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र

खरेदीचा वाद महत्त्वाचा आहे, पण कोणतीही पद्धत आणली तरी ती चालते की नाही हे ठरवायला माप लागेलच. ते माप माझ्या डोक्यातून निघालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 सालीच सांगून ठेवले आहे की, लिहून दिलेल्या औषधांपैकी किती प्रत्यक्ष दिली, पुडीवर नीट लिहिले होते का आणि औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला कळले का, हे तपासावे. त्यासाठी किमान वीस केंद्रे आणि प्रत्येकी तीस रुग्ण पुरतात. त्यात किती दिवसांचे औषध दिले आणि वर्षात किती दिवस ते संपलेले होते, हे दोन रकाने वाढवा. तीस केसपेपर चाळायला एक दुपार लागते.

जिल्हा औषध भांडारातून

तीस केसपेपरांपुरते मान्य करतो, आणि प्रतिविषाला वेगळे वजन हवे हेही. मात्र ज्याने औषध वाटले त्यानेच तपासणी करू नये. शेजारच्या केंद्रातल्या माणसाने करावी. प्रणाली निरुपयोगी आहे, हे मी आजही मानत नाही. आणि माझ्या मागणीपत्राच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

औषधनिर्माण अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र

मागणीपत्र 4 जूनला गेले. माल 29 जुलैला आला. दोन्ही तारखा आपल्याच प्रणालीत आहेत.