मदत हवी: एसजीपीए 7.27 आलाय, तरी एका विषयात एफ. वर्ष गेलं का?

तासगाव_बागायतदार:
नमस्कार मंडळी. मुलगी सांगलीत बीएस्सीला आहे, पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमचा निकाल लागला. मी 1998 चा बीकॉम. आमच्या वेळी 35 ला पास, 60 ला फर्स्ट क्लास, विषय संपला. हिच्या गुणपत्रिकेवर टक्के कुठेच नाहीत. एसजीपीए 7.27, शेजारी 'क्रेडिट्स 22 पैकी 20'. 8 क्रेडिट्सना ए, 6 ना ए प्लस, 6 ना बी प्लस आणि एका 2 क्रेडिट्सच्या पेपरला एफ.

पाव्हण्यांत बातमी गेली की पोरीचं वर्ष गेलं. ती म्हणते, "पप्पा, दोनच क्रेडिट्स आहेत, काय होत नाही." कॉलेजच्या ऑफिसात गेलो तर खिडकीतून उत्तर, "पोर्टलवर बघा." पोर्टलवर तेच आकडे.

आणि उडाली कशात, तर ओपन इलेक्टिव्हला, विषय हिशेबाचा! बीएस्सीच्या पोरीला कॉमर्सचा पेपर कशाला?

7.27 म्हणजे 72.7 टक्के धरायचे का? आणि पदवी तीन वर्षांची की चार?

मिरज_लोकल:
वर्ष कुठलं जातंय काका, एका पेपरची एटीकेटी आहे, म्हणजे तो पेपर मागे ठेवून पुढच्या वर्षाला जाता येतं. पाव्हण्यांचा फोन उचलू नका चार दिवस.

विश्रामबाग_बाई:
दादा, तासगावचे आहात म्हणून बेदाण्याच्याच भाषेत सांगते. सौद्याला हिरवा, पिवळा, काळा माल लावता, प्रत्येकाला भाव वेगळा. सरासरी भाव काढताना किलो गुणिले भाव करून बेरीज करता आणि एकूण किलोने भागता. इथे क्रेडिट म्हणजे किलो, ग्रेड पॉइंट म्हणजे भाव आणि एसजीपीए म्हणजे त्या सेमचा सरासरी भाव. ओ ला 10, ए प्लसला 9, ए ला 8, बी प्लसला 7, बी ला 6, सी ला 5, पी ला 4, एफ ला शून्य.

तुमच्या लेकीचं बघा: 64 + 54 + 42 = 160. भागिले 22, म्हणजे 7.27. एफच्या पेपरला भाव शून्य आला, तरी त्याचं वजन भागाकारात धरलंय. तोच पेपर नुसत्या सी ने सुटला असता तर 170 भागिले 22, म्हणजे 7.73. दोन क्रेडिट्सनी एवढं खाल्लं. त्यामुळे "काय होत नाही" हे तिचं म्हणणंही पूर्ण खरं नाही.

सरासरी चांगली असली तरी पदवी क्रेडिट्स पुरे झाल्याशिवाय हातात पडत नाही. दर सेमला 22 धरून वर्षाचे 44, तीन वर्षांचे 132, ऑनर्ससाठी चौथं वर्ष केलं तर 176. तीन वर्षांवर थांबलात तरी ती पूर्ण पदवीच. चौथं वर्ष करणाऱ्याला पुढे एमएस्सी एका वर्षाची. ते आत्ताच ठरवायची गरज नाही. मधेच पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर सोडायची सोयही आहे, सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा मिळतो, पण त्याला वर 4 क्रेडिट्सचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप लागते. पोरं ही सोय ऐकतात आणि ही अट विसरतात.

ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा असतो, नव्या शैक्षणिक धोरणात तसं ठरलंय. विज्ञानाच्या मुलांना तो 'सोपा पेपर' वाटतो आणि तिथेच पाय घसरतो. वर्गात दरवर्षी बघते.

टक्क्यांचं म्हणाल तर सरळ 10 ने गुणू नका. इंजिनिअरिंगला बऱ्याच ठिकाणी 0.75 वजा करून मग 10 ने गुणायचे, म्हणजे 7.25 चे 65 टक्के. ज्या विद्यापीठाची पदवी त्याचंच सूत्र लागतं, ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं का बघा. आणि आता खिडकीवर न जाता थेट परीक्षा विभागात जा. बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या पेपरचा, फॉर्म कधी सुटतो आणि अंतर्गत परीक्षेचे गुण कायम राहतात का, एवढे दोनच प्रश्न विचारा.

मिरज_लोकल:
बाई, माझ्या वेळी तुम्ही असत्या तर इंजिनिअरिंगच्या गणिताचा एम थ्री पेपर सुटला असता.

तासगाव_बागायतदार:
बाई, डोक्यात प्रकाश पडला. परीक्षा विभागातले साहेब भले निघाले. दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतोय, अंतर्गत गुण कायम, फॉर्म भरला. अपारचा नंबर (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, त्यावर क्रेडिट्स जमा होतात) डिजिलॉकरमध्ये जोडला तर तिथेही दोन्ही सेमचे मिळून 42 च क्रेडिट्स दिसतात.

रोज संध्याकाळी पोरीला बेदाण्याची वही लिहायला बसवलीय. जमा कुठं, नावे कुठं, परवा मलाच दोनदा चूक दाखवली. एकच राहिलं. बॅकलॉगमधून सुटलेल्या विषयापुढे गुणपत्रिकेवर चांदणी मारतात म्हणे, पुढे एमएस्सीच्या प्रवेशाला ती कोणी बघतं का?