आईच्या बायोप्सीत 'टीआयएल ४० टक्के' म्हणजे काय?

सांगलीची_लेक: आईला (५८) ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या दोन्ही आणि एचईआर२ अशा तिन्ही चाचण्या निगेटिव्ह) स्तनाचा कर्करोग निघालाय. रिपोर्टात 'टीआयएल ४० टक्के' लिहिलंय. मावशी म्हणते, "गाठीत सूज म्हणजे वाईटच, हळदीच्या गोळ्या दे." खरंच वाईट का?

स्लाइडवाला: टीआयएल म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. ट्रिपल निगेटिव्हमध्ये त्या जास्त असणं बहुधा चांगलंच. केमोला प्रतिसाद बरा मिळतो. पण मावशीही अगदीच चुकत नाहीत. सगळी सूज सारखी नसते. गाठ मॅक्रोफेज (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या) पेशींना फितवते, मग त्याच तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवतात, पसरायला वाट करून देतात. पहारेकऱ्यानेच चोराला शिडी लावावी तसं. गाठीतल्या पांढऱ्या पेशींकडे जर्मन डॉक्टर फिर्खोने १८६३ मध्येच बोट दाखवलं होतं.

जुनी_पेशंट: माझी गाठ हार्मोनवाली. पाळी गेल्यावर लठ्ठपणात चरबीतल्या सुजेने अरोमाटेज नावाचं एन्झाइम वाढतं, त्यातून इस्ट्रोजेन हार्मोन, आणि तेच अशा गाठीला पोसतं. म्हणून वजनावरून बोलणी खाल्ली! हळद भाजीत घाला, गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

सांगलीची_लेक: हुश्श. पेम्ब्रोलिझुमॅबचं (इम्युनोथेरपीचं औषध) उद्या डॉक्टरांना विचारते. मावशीला समजावायचं काम भावाकडे.