ग्रुप ‘साताऱ्याची मंडळी’: चिनूच्या हॉस्टेलवरचा लॅपटॉप

वैशूकाकी: सगळ्यांना नमस्कार. कालपासून लिहीन लिहीन म्हणतेय. रात्री चिनूचा फोन आला होता नागपूरहून, लॅपटॉपवर मनगट टेकलं की मुंग्या आल्यासारखं होतंय म्हणतो. आणि मंदारने पाठवलेला तो मोठा स्क्रीन अजून सुरूच झालेला नाहीये, नुसता टेबल अडवून उभा आहे. ज्यांनी ज्यांनी वस्तू पाठवल्यात त्यांनी जरा बघा प्लीज. मी इथे बसून काय करणार

सुमन आत्या: अगं बाई मुंग्या म्हणजे शॉक का??

नाना: अर्थिंग तपासा.

मंदार: काकी टेन्शन घेऊ नका. स्क्रीन एकदम ओके आहे, मी स्वतः वापरलाय वर्षभर. सेटिंगचं असेल काहीतरी. त्याला सांगा विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाब आणि एक्स्टेंड कर

राजाकाका: केलं त्याने. नो सिग्नल येतंय

मंदार: मग केबल सैल असेल

राजाकाका: तीनदा काढून घातली रे

अप्पा: [फोटो] शुभ प्रभात 🌹 आपला दिवस आनंदात जावो

सुमन आत्या: वापरलेला स्क्रीन दिलास होय मंदार? मला वाटलं नवीन घेऊन दिलास

मंदार: नवीनसाठी कोणी वर्गणी काढली असती तर नवीन दिला असता आत्या 😀

शिल्पा वहिनी: आत्या अहो चांगल्यातला आहे, २४ इंची. आमच्याकडे एक जास्तीचा होता, मुलाच्या उपयोगी पडेल म्हणून दिला. बॉक्सपण ओरिजिनल होता

नाना: अर्थिंग तपासा. मुंग्या येतायत म्हणजे अर्थिंग नाही. स्क्रीनचं मागाहून बघा.

सुमन आत्या: मी म्हणते लॅपटॉपच डिफेक्टिव असणार, परत करा. तेव्हाच सांगत होते ठाण्याला या आमच्या ओळखीचा दुकानदार आहे, पण राजाला घाई

राजाकाका: ताई दुकानातूनच घेतलाय, बिल आहे, वॉरंटी आहे

सुमन आत्या: मी फक्त सांगितलं. माझं काय जातंय

मंदार: शॉक बसू शकत नाही मुळात. लॅपटॉपला चार्जरमधून २० व्होल्ट डीसी जातो, त्याने मुंग्यासुद्धा येणार नाहीत. मनाचे खेळ आहेत. हॉस्टेलवर नवीन आहे, झोप नसेल होत

वैशूकाकी: मनाचे खेळ कसे रे, त्याच्या रूम पार्टनरलाही होतंय हात लावल्यावर

नाना: मंदार, वीज मंडळात माझा जन्म गेला. चार्जरच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यातून अगदी बारीक करंट सतत अर्थकडे जात असतो. तीन पिनी चार्जरची तिसरी पिन त्याच्यासाठीच असते. अर्थ मिळाला नाही की तो करंट लॅपटॉपच्या पत्र्याच्या बॉडीवर येऊन बसतो आणि माणसाच्या हातातून वाट शोधतो. जीव जात नाही, पण मुंग्या येतात. प्लास्टिक बॉडी असती तर कळलंही नसतं. मनाचे खेळ म्हणे. अर्थिंग तपासा.

मंदार: ओके बाबा

शिल्पा वहिनी: बाबा गोळी घेतलीत का सकाळची

नाना: घेतली.

प्राजू: चिनूलाच ॲड करा ना ग्रुपमध्ये, त्याच्याबद्दल आपणच बोलतोय सगळे

वैशूकाकी: तो ग्रुपमध्ये आहे गं. म्यूट करून ठेवलाय

प्राजू: 😂😂

राजाकाका: @चिनू बोर्डाचा आणि केबलचा फोटो टाक. आत्ता.

अप्पा: [फॉरवर्ड केलेला मेसेज] रात्री झोपताना तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवा आणि सकाळी

सुमन आत्या: अप्पा किती छान 🙏

सुमन आत्या: बरं विषय निघालाच आहे वर्गणीचा तर गौरी-गणपतीचं काय ठरलं? मागच्या वर्षी फराळाचं सगळं माझ्यावर आलं होतं, मी काही बोलले नाही तो भाग वेगळा

शिल्पा वहिनी: आत्या मोदक मी केले होते

सुमन आत्या: मोदक सोडून म्हणतेय मी

चिनू: [फोटो] [फोटो] [फोटो]

चिनू: लेक्चरला होतो. आता प्रॅक्टिकल आहे, पटकन सांगा

नाना: दुसरा फोटो. हा एक्स्टेंशन बोर्ड कोणी घेतला? बोर्डाला तीन पिनी सॉकेट आहेत आणि वायरच्या शेवटी प्लग दोन पिनी आहे! चपटी वायर, दोनच तारा. म्हणजे वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं, आत काहीच जोडलेलं नाही. असले बोर्ड विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना काय म्हणावं

वैशूकाकी: नाना तो सुमनताईंनी दिलाय

नाना: बरं.

सुमन आत्या: हा मेसेज डिलीट केला आहे

सुमन आत्या: चार सॉकेट, चार वेगळी बटणं, यूएसबी पण आहे त्याला. कौतुकाने घेतला होता मी. आमच्या घरी तसलाच आहे मिक्सरला लावलेला, आजपर्यंत कोणाला मुंग्या आल्या नाहीत

प्राजू: आई मिक्सर प्लास्टिकचा आहे

सुमन आत्या: तू मध्ये बोलू नकोस

नाना: चिनू, चार्जर तो बोर्ड काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लाव आणि सांग. तिथेही मुंग्या आल्या तर हॉस्टेलच्या वायरमनला बोलाव, कंप्लेंट रजिस्टरमध्ये लिही. तू स्वतः टेस्टर घेऊन काही उचकायचं नाही. आणि पहिल्या फोटोत त्याच बोर्डावर किटली कोणाची आहे?

चिनू: पार्टनरची. मॅगीला

नाना: किती वॅट? खाली स्टिकर असेल.

चिनू: १५००

नाना: साध्या लहान प्लगचा पॉइंट ६ अँपिअरचा. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. त्यावर १५०० ची किटली आणि तीसुद्धा असल्या बारीक वायरवर. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅट, स्क्रीन पंचवीस-तीस, मोबाईल काय तो असून नसून, हे सगळं एका बोर्डावर खुशाल चालवा, शंभर-सव्वाशेच्या वर जात नाही. पण किटली आणि इस्त्री त्यावर नाही म्हणजे नाही. वायर हाताला गरम लागते का बघितलं?

चिनू: लागते थोडी

वैशूकाकी: अरे देवा. चिनू किटली आधी बंद कर. आणि हॉस्टेलवर किटली चालते का मुळात??

चिनू: चालत नाही. म्हणून तर टेबलाखाली आहे

राजाकाका: वा.

सुमन आत्या: बघा म्हणजे दोष किटलीचा आहे, माझ्या बोर्डाचा नाही

मंदार: आत्या मुंग्यांचा दोष बोर्डाचा, गरम व्हायचा दोष किटलीचा, दोन्ही वेगळे मुद्दे आहेत

सुमन आत्या: तुझा स्क्रीन सुरू कर आधी मग मुद्दे सांग

मंदार: तो टाइप सीला जोडून बघू दे ना. आजकाल सगळं टाइप सीवर चालतं

प्राजू: दादा सगळ्या टाइप सीमधून चित्र जात नाही. काही नुसते डेटा आणि चार्जिंगला असतात. पोर्टच्या बाजूला डी आणि पी जोडून काढलेली खूण असते किंवा थंडरबोल्टची, म्हणजे विजेच्या बाणाची खूण असते तर जातं. नसेल काही खूण तर मॉडेल नंबर टाकून बघायचं

चिनू: खूण नाही ताई. पण एचडीएमआय आहे ना लॅपटॉपला

मंदार: मग त्यालाच जोड की! केबल दिली होती मी

चिनू: तीच जोडलीये. तिसरा फोटो बघ. एक टोक एचडीएमआय, ते लॅपटॉपला. दुसरं टोक वेगळं आहे, ते स्क्रीनच्या डिस्प्ले पोर्टला बसतं

प्राजू: तेच तर. ही डिस्प्ले पोर्ट ते एचडीएमआय केबल आहे, ही एकाच दिशेने चालते. कॉम्प्युटरकडे डिस्प्ले पोर्ट आणि स्क्रीनकडे एचडीएमआय असं. दादाच्या ऑफिसच्या डॉकला, म्हणजे लॅपटॉपला जास्तीचे पोर्ट देणाऱ्या डबीला, डिस्प्ले पोर्ट असणार म्हणून त्याच्याकडे चालली. चिनूने उलटी लावलीये, आणि त्याच्याकडे सुलटी लावायला पोर्टच नाही. जन्मात सिग्नल येणार नाही

मंदार: हो मला तेच म्हणायचं होतं

शिल्पा वहिनी: 🙄

मंदार: अगं खरंच

राजाकाका: मग आता काय घ्यायचं ते एकदाचं सांगा

प्राजू: साधी एचडीएमआय केबल काका, दोन्ही टोकं सारखी. दोन-तीनशे रुपयांत मिळेल. दुकानदार ८के वाली भारी केबल गळ्यात मारेल, नको म्हणायचं, या स्क्रीनला साधीच पुरते. शेजारच्या रूममध्येच कोणाकडे तरी असेल, आधी मागून लावून बघ म्हणावं

नाना: भिंतीच्या सॉकेटचं काय झालं? कोणी उत्तर दिलेलं नाही.

अप्पा: [व्हिडिओ] अवश्य बघा व पुढे पाठवा

शिल्पा वहिनी: चिनू तो स्टँड लावलास का रे, हलणारा हात आहे तो? त्याने टेबल मोकळं राहतं, स्क्रीन हवेत. मान दुखत नाही. मला खूप फरक पडला

चिनू: वहिनी तो बसत नाहीये. त्याचा शिकंजा टेबलाच्या मागच्या कडेला लावायचा असतो ना, इथे टेबल भिंतीला चिकटून फिक्स आहे, मागे बोटभर पण फट नाही. भिंतीला भोक पाडलं तर डिपॉझिट जातं

शिल्पा वहिनी: अच्छा. मग राहू दे. परत आणशील तेव्हा आण, घाई नाही. फक्त स्क्रू हरवू नकोस त्याचे

वैशूकाकी: मग स्क्रीन ठेवतोस कशावर

चिनू: जाड पुस्तकांवर. वरची कड साधारण डोळ्यासमोर आली की झालं. पण खरं सांगू का

वैशूकाकी: काय

चिनू: आम्हाला इंजिनिअरिंग ग्राफिक्स आहे पहिल्या वर्षाला, म्हणजे कागदावर हाताने ड्रॉइंग. ड्रॉइंग बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर टेबलावर ठेवला की टेबल संपलं. स्क्रीन उचलून पलंगावर ठेवतो, झोपताना परत टेबलावर. मला स्क्रीन लागणारच नव्हता आत्ता, लॅपटॉपवर सगळं होतंय. सी प्रोग्रामिंगला काय मोठा स्क्रीन

वैशूकाकी: मग आधी बोलायचंस ना!!

चिनू: विचारलंच नाही कोणी. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला तेव्हा कळलं मला

मंदार: चांगुलपणा करायला जावं तर हे असं. मला पाठवायला ट्रान्सपोर्टचे साडेआठशे पडलेत, बाकी जाऊ दे

राजाकाका: देतो रे तुला साडेआठशे

मंदार: काका पैशाचा विषयच नाहीये

सुमन आत्या: सोनूच्या वेळी कोणी ट्रान्सपोर्टने काही पाठवलं नव्हतं. सोनू सेकंड हँड लॅपटॉपवर शिकला, तोही आम्हीच घेतला, आज जर्मनीत आहे. असो. तेव्हा हा ग्रुप नव्हता म्हणायचं

प्राजू: ग्रुप होता आई, तू ॲडमिन होतीस

नाना: सुमन, त्याच्या फीला मी मदत केली होती. ते इथे काढायचं कारण नाही.

सुमन आत्या: कोण काढतंय दादा, तुम्हीच काढलंत

राजाकाका: जाऊ द्या हो. गणपतीत समोरासमोर भांडू, इथे टाइप करून बोटं दुखतात

शिल्पा वहिनी: 😄 काका बरोबर

नाना: भिंतीच्या सॉकेटचं उत्तर अजून आलेलं नाही. अर्थिंग

चिनू: नाना लावला थेट भिंतीला. मुंग्या गेल्या. पार्टनरने पण हात लावून बघितला

नाना: म्हणजे भिंतीत अर्थ आहे. झालं. आता तो बोर्ड वापरायचा नाही, कोणाला फुकट पण द्यायचा नाही. नवीन घेताना आयएसआय मार्क, तीन पिनी प्लग, गोल जाड वायर. प्लगची वरची पिन लांब आणि जाड असते बघ, ती सगळ्यात आधी आत टेकावी म्हणून तशी असते, ती कोणी कापून देतो म्हणाला तर त्या दुकानातून बाहेर पड. स्पाइक गार्डवाला, म्हणजे अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारा, घेतलास तर उत्तम, पण त्यालाही अर्थ लागतोच, नाहीतर निम्मं काम बंद.

राजाकाका: मी पैसे पाठवतो आत्ताच. बर्डीवर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल ना रे

चिनू: हो शनिवारी जातो सीताबर्डीला. सकाळी तर्री पोहे पण होतील

वैशूकाकी: तिखट फार खाऊ नकोस

मंदार: आणि एचडीएमआय केबल पण घे शनिवारी. सेकंड सेमला लागेल स्क्रीन तुला, बघ मी सांगतो. वेब शिकायला लागलास की एकीकडे कोड एकीकडे ब्राउझर

चिनू: दादा शेजारच्याची केबल लावून बघितली, चालला स्क्रीन. मस्त आहे खरंच, मॅच बघितली काल सगळ्यांनी. म्हणजे आत्ता. आत्ता बघितली

वैशूकाकी: काल???

राजाकाका: काल चालू होता तर आज सकाळपासून इथे काय चाललंय

चिनू: तुम्ही सगळे बोलत होता मग मी मध्ये नाही बोललो. प्रॅक्टिकल सुरू झालं, बाय

मंदार: 🤦

शिल्पा वहिनी: चिनूचं गणपतीचं तिकीट काढलंय का पण? महाराष्ट्र एक्सप्रेस थेट साताऱ्याला येते, वेटिंग लवकर वाढतं

राजाकाका: काढलंय, वेटिंग १८

सुमन आत्या: येताना संत्रा बर्फी आण म्हणावं. लॅपटॉपची बॅग डोक्याखाली घेऊन झोप म्हणावं, वरच्या बर्थवर

वैशूकाकी: सगळ्यांचे आभार. एक विनंती, आता कोणीही त्याला विचारल्याशिवाय काही ऑर्डर करू नका. रूममध्ये दोन पलंग आणि दोन टेबलं आहेत एवढंच आहे

सुमन आत्या: वैशू मी दुपारीच लॅपटॉपखाली ठेवायचा पंखा मागवला गं त्याच्यासाठी. नागपूरला मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातं. बोर्डाचं मनाला लागलं म्हणून मागवला. उद्या पोचेल, ओटीपी कोणाच्या फोनवर येणार?

राजाकाका: नंबर कोणाचा टाकलास?

सुमन आत्या: मंदारचा