स्कायडायव्हिंग शिकताना उतरण्याची उंची चुकते. आपल्याकडून अशा चुका झाल्या का?

प्रश्न (मखमलाबाद, नाशिक)

नमस्कार. घरची द्राक्षबाग सांभाळतो. यंदा एप्रिलची खरड छाटणी उरकून मी थायलंडला गेलो आणि एएफएफ पद्धतीने स्कायडायव्हिंग शिकायला सुरुवात केली. या पद्धतीत सुरुवातीच्या उड्यांना दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी धरून विमानाबाहेर पडतात. पहिल्याच उडीत मी खालची जमीन पाहण्यात इतका हरवलो की मनगटावरच्या उंची दाखवणाऱ्या आल्टिमीटरकडे बघायचे राहून गेले. साडेपाच हजार फुटांवर पॅराशूट उघडायचे ठरले होते, पण प्रशिक्षकांनी दोनदा खूण करूनही माझा हात हलला नाही आणि शेवटी त्यांनीच ते उघडले.

त्याहून जास्त लाज वाटली ती उतरताना. जमीन जवळ आल्यावर दोन्ही टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवण्याच्या दोऱ्यांच्या मुठी, खाली ओढून वेग कमी करायचा असतो, त्याला फ्लेअर म्हणतात. मी तो दोन वेळा फार लवकर केला आणि दोन्ही वेळा सगळ्यांसमोर गुडघ्यांवर आपटलो. घरी मात्र ‘सगळे छान झाले’ एवढेच सांगितले. पुन्हा जाण्याची मनापासून इच्छा आहे, पण जमिनीची उंची डोळ्यांनी नेमकी कशी ओळखावी, हेच कळत नाही. ज्यांनी हे शिकले आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

उत्तर १ (गंगापूर रोड)

आपण पडलात ते फ्लेअर लवकर केल्यामुळे, की लवकर झाला हे लक्षात येताच टॉगल पुन्हा वर सोडल्यामुळे? हे आधी आठवून पाहा, कारण बहुतेक नवशिके दुसऱ्या कारणाने आपटतात. टॉगल ओढल्यावर पॅराशूटचा वेग आणि खाली येण्याची गती काही क्षणांपुरती कमी होते. त्याच वेळी हात वर सोडले, तर पॅराशूट पुढे झेपावते आणि आपण आधीपेक्षा जोरात खाली येतो. फ्लेअर उंचावर झालाच, तर हात जिथे आहेत तिथेच रोखून ठेवावेत, जमीन अगदी जवळ आल्यावर उरलेले खाली ओढावेत आणि पाय जुळवून लोळण घेण्याची तयारी ठेवावी.

नवशिक्यांच्या मोठ्या पॅराशूटसाठी पाय जमिनीपासून साधारण दहा ते बारा फुटांवर असताना फ्लेअर सुरू करायला शिकवतात. सरळ खाली पाहिले की जमीन अंगावर धावून येते आणि हात आपोआप ओढले जातात, म्हणून नजर समोर, क्षितिजाच्या थोडी खाली ठेवावी. आपल्या घराला माडी असेल, तर तिथल्या गॅलरीत रोज पाच मिनिटे उभे राहून समोरची झाडे आणि रस्ता केवढा दिसतो, हे डोळ्यांत साठवा. मला याच सवयीचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

माझी चूक वेगळी होती. फ्री फॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी खाली पडताना, मी सारखी डावीकडे गरगरत राहायचे आणि हातांनी ते थांबवण्याची धडपड करायचे. व्हिडिओ पाहिल्यावर कळले की माझा डावा पाय गुडघ्यातून जास्त मुडपलेला असे. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात एवढा फरकही शरीराला फिरवायला पुरतो. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 मध्ये आपली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली होती. त्यांच्याशी स्वतःची तुलना करून मी तो व्हिडिओ कोणाला दाखवलाच नाही. प्रशिक्षकांना तो वेळीच दाखवला असता, तर पुढच्या दोन उड्यांचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते.

उत्तर २ (देवळाली कॅम्प)

मी लष्करात पॅराट्रूपर होतो. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या पूर्ण झाल्यावर छातीवर विंग्ज, म्हणजे पॅराट्रूपरचा पंखांचा बिल्ला, लागतात, पण त्याआधी कित्येक दिवस केवळ जमिनीवर पडायला शिकवतात. आमच्या गोल पॅराशूटला फ्लेअर नसतो, त्यामुळे सगळी भिस्त लोळण घेण्यावर असते: पाय आणि गुडघे घट्ट जुळवून आधी तळवे, मग पोटरी, मांडी, कूल्हा आणि पाठीची बाजू. दुसऱ्या उडीत माझे पाय फाकले आणि उजवा घोटा मुरगळला. सूज दिसू नये म्हणून मी बुटाची नाडी अधिकच आवळून बांधली आणि दोन दिवस तसाच चाललो. ती लपवाछपवी मला त्या घोट्यापेक्षा जास्त महागात पडली. आपण गुडघ्यांवर पडला आहात, तेव्हा पुन्हा उडी मारण्यापूर्वी गुडघे एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

उत्तर ३ (येवला)

लहानपणापासून संक्रांतीला आसारी हातात धरून पतंग उडवलेला मी, वारा कुठून येतो हे मला कोणी शिकवावे, असे कधी वाटले नव्हते. तरीही चौथ्या उडीत मी वाऱ्याच्या पाठीवरच उतरलो. मैदानावरच्या वातकुक्कुटाऐवजी तिथे कापडी विंडसॉक होता आणि त्याची निमुळती शेपटी मला बाणासारखी वाटली. ती जिकडे वळली होती, तिकडेच तोंड करून मी खाली आलो. खरे तर शेपटी वारा जिकडे जातो ती दिशा दाखवते, आणि उतरताना तोंड हवे विंडसॉकच्या रुंद तोंडाच्या दिशेने, म्हणजे वाऱ्याच्या समोर. पॅराशूटचा वेग ताशी तीस किलोमीटर आणि वारा पंधरा धरला, तर वाऱ्याच्या समोर आपण जमिनीवर पंधराने टेकतो आणि पाठीवर पंचेचाळीसने. मी पंचेचाळीसने घासत गेलो आणि कोपरे सोलवटली. तेव्हापासून विमानात बसण्यापूर्वी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि उतरण्याची दिशा हाताने दाखवून प्रशिक्षकांकडून होकार घेतो.

प्रश्नकर्ता

ताई, आपला तर्क बरोबर आहे; दोन्ही वेळा मी घाबरून हात वर सोडले होते. काका, उद्याच गुडघे दाखवून येतो. येवल्याच्या दादांचा विंडसॉकचा हिशोब वहीत लिहून घेतला आहे.

आज सकाळी माडीच्या गॅलरीत उभा राहिलो. तिथून बागेतल्या मांडवावरच्या तारा आणि कोवळ्या फुटीची पाने वेगवेगळी ओळखू येतात. मग गच्चीवर गेलो; तिथून तोच मांडव सपाट हिरव्या चादरीसारखा दिसतो. दोन्ही वेळा टॉगल ओढताना मला खालचे गवत तसेच सपाट हिरवे दिसले होते, त्याची पाती दिसली नव्हती.